लंगडते घाटात, दुखावते घरी

यात्रांचा हंगाम सुरू झाला की शिरूर, आंबेगाव, खेड आणि जुन्नर तालुक्यांतल्या बैलगाडा शर्यतींच्या घाटांवर भंडारा उधळायला लागतो. गाडा सुटतो, बैल उसळतात आणि त्यांच्या पुढे स्वाराला घेऊन एक घोडी सुसाट निघालेली असते. बैलांना वाट दाखवायची, त्यांना आपल्या वेगामागे ओढायचं आणि त्यांच्या शिंगांच्या टप्प्यात मात्र यायचं नाही, हे तिचं काम. बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, काही सेकंदांत संपते. घड्याळ बैलांसाठी लावलेलं असतं, बक्षीस गाडामालकाचं असतं आणि फ्लेक्सवरचा मोठा फोटो बैलांचा असतो.

घोडीच्या वाट्याला त्या काही सेकंदांत काय येतं? उभ्या जागेवरून एकदम पूर्ण वेग, चढाची वाट, उन्हाने कडक झालेला मुरूम आणि बारी संपताच माणसांच्या गर्दीत अचानक थांबणं. एखादी घोडी तिथून परतताना पाय राखून चालते. ‘आज घाटात मुरगळली,’ असं सगळेजण म्हणतात. कधी ते खरंही असतं. पण लंगडणाऱ्या घोड्यांच्या पायाचा मागोवा घेतला, तर दुखण्याची सुरुवात बहुतेक वेळा काही आठवडे मागे सापडते. चुकलेली नालबंदी, लांबलेला विसावा, फाजील चंदी म्हणजे धान्याचा खुराक, ओला तबेला यांपैकी काहीतरी आधीच घडलेलं असतं. घाटात ते फक्त उघडं पडतं.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या वादात बैलांच्या आरोग्याची, त्यांच्या छळाची आणि त्यांच्या तपासणीची भरपूर चर्चा झाली. पुढे धावणाऱ्या घोडीच्या पायांबद्दल मात्र फारसं कोणी बोललं नाही.

काटकपणाचा वारसा

या मुलखाला घोडा नवा नाही. शिरूर घोड नदीच्या काठचं गाव. जुनी माणसं त्याला अजूनही घोडनदीच म्हणतात. आलेगाव पागा हे गाव याच तालुक्यातलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरूरला इंग्रजांची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि रात्रभर मजल मारून सकाळी भीमेकाठच्या कोरेगावात पोचली. त्या तुकडीबरोबर अडीचशे-तीनशे घोडेस्वार होते.

पलीकडे दौंड आणि बारामतीच्या बाजूला भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं मराठी फौजेत नावाजलेली होती. कमी उंची, आटोपशीर बांधा, थोड्या चाऱ्यावर लांबची मजल. फौजा गेल्या तशी ही जात मागे पडली आणि टिकली ती मुख्यतः मेंढपाळ धनगरांच्या वाड्यांबरोबर. आजही मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागलेल्या कुटुंबाचा संसार तट्टाच्याच पाठीवर असतो. २०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

या काटकपणाच्या कौतुकाला एक दुसरी बाजू आहे. ‘आपल्या घोडीला काही लागत नाही, तिचे खूर दगडासारखे आहेत,’ असं म्हणत अनेक मालक पायाकडे बघायचंच सोडतात. धनगराच्या तट्टाचा खूर घट्ट असतो, कारण ते रोज कोसच्या कोस माळरानावर चालतं. तीच जात दावणीला बांधून आठवड्यातून दोनदा फिरवली, तर हाडामासाला, खुराला आणि कंडरांना तो सराव मिळत नाही. काटकपणाचा काही भाग रक्तातून येतो आणि बराचसा रोजच्या चालीतून.

एका नखावर तोललेलं धूड

घोड्याच्या पुढच्या पायाचा जो सांधा आपण गुडघा म्हणतो, ते शरीररचनेच्या हिशेबाने मनगट आहे. त्याच्या खाली एकच लांब हाड, मग बोटाचे सांधे आणि शेवटी खूर, म्हणजे एका बोटाचं नख. मनगटाखाली वेग देणारा मांसल स्नायू नसतो. वरच्या स्नायूंची ओढ लांब कंडरांमधून खाली येते. या कंडरा ताणल्या जातात, आखडतात आणि प्रत्येक टापेबरोबर पायाला पुढे फेकतात.

उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. भरधाव दौडीत एक क्षण असा येतो, की पुढच्या एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार पडतो. तीनशे किलोची घोडी धरली, तर साडेसातशे किलो. वर स्वार असतो, तो वेगळाच. मनगटाच्या मागून उतरणारी वरची कंडरा अशा वेळी तिच्या सहनशक्तीच्या कडेपर्यंत ताणली जाते आणि आतून तापतेसुद्धा. दौडत्या घोड्यांच्या कंडरेच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सियसपर्यंत तापमान मोजलं गेलं आहे. म्हणून कंडरेची दुखापत सहसा एका झटक्यात होत नाही. मोटेच्या नाड्याचे पीळ एकेक तुटत जावेत, तसे तिचे बारीक तंतू आधी तुटत जातात. बाहेरून दिसतं ते इतकंच, की सकाळी पायाच्या मागच्या बाजूला थोडी ऊब आणि किंचित सूज असते. हात लावून पाहणारा कोणी नसेल, तर ही पहिली सूचना वाया जाते. पुढच्या दौडीला तीच कंडरा फाटते आणि पायाचा मागचा भाग धनुष्यासारखा बाहेर फुगतो.

अशी कंडरा बरी होते, पण सावकाश. नऊ महिने ते वर्षभर आणि कधी त्याहून जास्त. भरलेल्या जागी जी नवी ऊती तयार होते, ती मूळ कंडरेइतकी लवचीक नसते. त्यामुळे एकदा दुखावलेला घोडा पुन्हा त्याच जागी दुखावण्याची शक्यता मोठी असते. महिन्याभरात सूज उतरली म्हणून घोडी पुन्हा घाटावर नेणाऱ्या मालकाला हे गणित महागात पडतं.

नाल आणि नालबंद

पुढच्या पायाच्या लंगडेपणाचं मूळ पुष्कळदा खुरातच असतं. म्हणून जाणता पशुवैद्य आधी खूर उचलून बघतो आणि खांद्याकडे नंतर वळतो. गावात याच्या नेमकं उलट होतं. घोडी लंगडली की खांदा चोळायला घेतात, कारण खांदा दिसतो, हाताला लागतो आणि तिथे तेल जिरवता येतं.

खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो. वरच्या कडेपासून टोकापर्यंत पूर्ण नवा व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं. नाल ठोकलेला असताना खूर झिजत नाही, तो पुढच्या बाजूला लांबत जातो आणि टाच खाली बसते. पुढचं टोक लांब झालं की पाय जमिनीवरून उचलताना घोडीला जास्त जोर लावावा लागतो. तो सगळा ताण खोलवरच्या कंडरेवर आणि टाचेतल्या लहानशा नौकाकृती हाडावर येतो. म्हणून शर्यतीच्या घोड्याची नालबंदी दर पाच-सहा आठवड्यांनी झाली पाहिजे, नाल झिजलेला असो वा नसो. ‘नाल अजून चांगला आहे, पडला की बघू,’ हा हिशेब लोखंडाचा झाला, त्यात पायाचा विचार नाही.

खरी अडचण नालबंद मिळण्याची आहे. न्हावऱ्याच्या घोडगंगा आणि पाटसच्या भीमा साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात ऊस ओढणारे बैल पिढ्यान् पिढ्या आले, त्यामुळे बैलांना पत्र्या मारणारे कारागीर लोकांच्या ओळखीचे. पण बैलाचा खूर दुभंगलेला आणि घोड्याचा अखंड. घोड्याच्या खुराच्या भिंतीत आत एक फिकट रेषा असते. खिळा तिच्या बाहेरूनच गेला पाहिजे. आत शिरला तर घोडी तिथेच पाय झटकते. अगदी जवळून गेला तर आतल्या नाजूक भागावर दाब येत राहतो आणि लंगडणं दोन-तीन दिवसांनी दिसतं. तोवर नालबंदीची आठवण विरलेली असते आणि दोष यात्रेतल्या दगडावर जातो. नाल नवा असताना घोडी लंगडली, तर पहिला संशय खिळ्यावर घ्यावा.

एकाएकी, पाय टेकवणारच नाही अशी लंगडणारी घोडी बघून मालक हबकतो. हाड मोडलं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात पुष्कळदा खुरात पू झालेला असतो. खिळ्याच्या भोकातून, काट्यातून किंवा खुराच्या भेगेतून घाण आत जाते. खुराची भिंत ताणत नाही, त्यामुळे आतल्या पुवाला फुगायला जागा नसते आणि वेदना भयंकर होतात. पशुवैद्य दाबचिमट्याने नेमकी जागा शोधतो, तळवा थोडा खरवडून पुवाला वाट करून देतो आणि घोडी काही तासांत पाय टेकू लागते. मिठाच्या कोमट पाण्यात खूर बुडवून ठेवणं आणि जखम कोरडी बांधणं एवढंच पुढे राहतं. इथे धनुर्वाताची लस विसरून चालत नाही. पाळीव जनावरांमध्ये धनुर्वाताचा सर्वाधिक धोका घोड्यालाच असतो आणि त्याचे जंतू शेणामातीत असतातच. लंगडणं बरं होऊन आठवड्या-दोन आठवड्यांनी घोडी ताठ होऊन पडली, अशी वेळ एका लशीने टळते.

ओल्या तबेल्याचा त्रास वेगळा. तळव्याच्या मध्यावरचा त्रिकोणी मऊ भाग टापेबरोबर दबतो, धक्का झेलतो आणि रक्त वर ढकलायला मदत करतो. शेणामुताच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या घोडीचा हाच भाग कुजतो, काळा पडतो आणि त्याला घाण वास येतो. शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा प्रदेश असला, तरी पावसाळ्यातल्या काळ्या मातीचा चिकट चिखल तबेल्यापर्यंत येतोच. हीच माती उन्हाळ्यात भेगाळून कडक होते आणि खूरही तिच्यासारखेच कोरडे होऊन तडकतात.

चार महिने दावण, एक दिवस दौड

घाटांचा हंगाम मुख्यतः हिवाळा सरता सरता आणि उन्हाळ्यात असतो. पावसाळ्यात बरेच घोडे नुसते उभे असतात. पुढे यात्रेची तारीख जवळ आली की दहा-बारा दिवस घोडी पळवून ‘तयार’ केली जाते. तिचा दम लवकर वाढतो, स्नायूही काही आठवड्यांत भरतात आणि घोडी बघायला देखणी होते. हाडं आणि कंडरा मात्र या वेगाने तयार होत नाहीत. हाडावर नवा भार आला की ते आधी झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग नवीन भरतं. या मधल्या काळात ते नेहमीपेक्षा कच्चं असतं. दम पुरा आणि हाड अपुरं, अशा अवस्थेत घोडी आनंदाने पळते आणि तेव्हाच दुखावते.

कमी वयाची गोष्टही अशीच. दोन वर्षांचं शिंगरू उंचीने जवळजवळ पूर्ण वाढलेलं दिसतं, पण त्याच्या मनगटावरच्या हाडाची वाढरेषा सुमारे दोन-अडीच वर्षांपर्यंत मिटलेली नसते आणि पाठीच्या मणक्यांना तर आणखी काही वर्षं लागतात. कमी वयाच्या घोड्यांच्या नळीच्या हाडाच्या पुढच्या बाजूला सूज आणि दुखरेपणा येणं, हे जगभरच्या रेसकोर्सवर ओळखीचं दुखणं आहे.

जमिनीचाही हिशेब ठेवावा लागतो. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात धावपट्टी किती मऊ किंवा कडक आहे, हे पेनिट्रोमीटर नावाच्या उपकरणाने मोजून जाहीर करतात. गावच्या घाटावर असं उपकरण नाही, पण यात्रेआधी दगडगोटे वेचणं, वरचा थर नांगरून पाणी मारणं आणि बारीच्या शेवटी थांबायला लांब, मोकळी जागा सोडणं एवढं करता येतं. कडक डांबरी रस्त्यावर घोडी दुडकी चालवून सराव घेणं हा मात्र सोयीचा आणि हमखास नुकसानीचा मार्ग. धक्का खुरातून थेट सांध्यांपर्यंत जातो आणि लोखंडी नाल डांबरावर घसरतो.

चंदीतून येणारं लंगडेपण

पायाचं दुखणं तोंडातून येतं, यावर पटकन विश्वास बसत नाही. समजा, घोडी रात्री सुटली आणि ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पोत्यापर्यंत पोचली. पोटभर धान्य खाल्ल्यावर मोठ्या आतड्यात ते आंबतं, विषारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि दीड-दोन दिवसांत त्याचा परिणाम चारही खुरांवर दिसतो. खुराची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणारे नाजूक पापुद्रे सुजतात. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडी पुढचे पाय पुढे टाकून, मागच्या पायांवर रेलून उभी राहते, वळायला नकार देते, खूर गरम लागतात आणि घोट्यामागची नाडी ठणठण उडते. जोड तुटला तर आतलं हाड तळव्याकडे फिरतं. ही तातडीने पशुवैद्याला बोलवायची वेळ. धान्य खाल्लंय हे कळताच, लंगडण्याची वाट न बघता, खूर दोन दिवस बर्फाच्या पाण्यात ठेवणं हा आज मान्य झालेला बचाव आहे.

हरभरा, गूळ, धान्य हे सगळं ‘ताकदीसाठी’ घातलं जातं. घोडी काम करत असेल तर थोडं चालतं. सुट्टीत बांधलेल्या घोडीला मात्र पूर्ण चंदी आणि नंतर एकदम दौड मिळाली, तर पाठीमागचे स्नायू आखडून दगड होतात, घोडी घामाघूम होऊन जागेवर खिळते आणि लघवी तांबूस होते. पूर्वी इंग्रजांच्या देशात रविवारी विश्रांती घेतलेले घोडे सोमवारी कामाला जुंपले की असं होई. म्हणून सुट्टीच्या दिवशी चंदी निम्म्यावर आणावी आणि वाळलेला चारा वाढवावा, हा नियम.

गव्हाचा कोंडा सतत घातला तर फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी मिळतं. संकरित नेपियरसारख्या गवतात ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियम अडवतं. दोन्हींचा परिणाम एकच: शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं, हाडं ठिसूळ होतात, जबडा सुजतो आणि घोडी आज एका पायाने तर उद्या दुसऱ्या पायाने लंगडते. या भागाला लागू असणारी आणखी एक गोष्ट म्हणजे हिरवी ज्वारी. कोवळ्या ज्वारीवर चरणाऱ्या घोड्यांना मागच्या पायांत कमजोरी येऊन झोल जातो आणि लघवीवरचा ताबा सुटतो. बाहेरून तो लंगडेपणा वाटतो, पण दुखणं मज्जातंतूंचं असतं. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फारसा उरत नाही.

पाय वाचायला शिकणं

लंगडेपणा ओळखायचा तर घोडीला लगाम सैल धरून सपाट, टणक जागेवर दुडकी चालवावी. दुडकीत कर्णरेषेतले, म्हणजे एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, असे दोन पाय जोडीने पडतात, त्यामुळे ताल बिघडला तर लगेच कळतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडी डोकं वर उचलते आणि चांगला पाय टेकताना खाली घालते. नवशिका माणूस नेमका उलटा पाय धरतो. मागचा पाय दुखत असेल तर मागून बघावं. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. सरळ चालीत न दिसणारं दुखणं वर्तुळात फिरवल्यावर दिसतं, कारण आतल्या बाजूच्या पायावर भार वाढतो. तुकोबांच्या पालखीबरोबर यवत, वरवंडमार्गे बेलवाडीला जाणाऱ्या लोकांनी रिंगणात अश्व धावताना पाहिलेले असतातच. तिथे एखाद्या अश्वाची टाप कमी पडली, तर जाणत्याला ती गोलावरच दिसेल.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांमध्ये हीच तपासणी नियमाने होते. स्पर्धेआधी प्रत्येक घोडा पंच आणि पशुवैद्यांसमोर दुडकी चालवून दाखवावा लागतो. तीन दिवसांच्या इव्हेंटिंगमध्ये, खडतर क्रॉस-कंट्री झाल्यानंतर शेवटच्या उड्यांच्या फेरीआधी ती पुन्हा होते. एवढी दक्षता असूनही टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, जेट सेट नावाच्या स्विस घोड्याचा अस्थिबंध क्रॉस-कंट्रीच्या शेवटी तुटला आणि त्याला वेदनामुक्त मरण द्यावं लागलं. तपासणी सगळे धोके टाळत नाही. पण आधीच दुखऱ्या पायाने कोणी मैदानात उतरू नये, एवढं तरी ती बघते.

बार्बारोची गोष्ट घोडेवाल्यांनी आवर्जून माहीत करून घ्यावी. या अमेरिकन घोड्याने मे २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकली आणि दोन आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डॉ. डीन रिचर्डसन यांनी तो जोडला आणि मोडलेला पाय भरत आला. पण सगळा भार पेलणाऱ्या डाव्या मागच्या पायाला लॅमिनायटिस झाला आणि २९ जानेवारी २००७ रोजी बार्बारोला मरण द्यावं लागलं. घोडा आठवडेच्या आठवडे तीन पायांवर उभा राहू शकत नाही. म्हणून एका पायाचं दुखणं लांबवणं म्हणजे बाकीचे तीन पाय पणाला लावणं.

डाग, बिब्बा आणि इंजेक्शन

लंगडलेल्या जनावराला डाग देणं आपल्याकडे जुनं आहे. तापलेल्या सळईने कंडरेवर रेघा ओढायच्या किंवा बिब्बा घालून कातडी पोळवायची, म्हणजे ‘आतलं दुखणं बाहेर येतं’ असा समज. विलायतेतही घोड्यांच्या पायांना असे डाग पिढ्यान् पिढ्या दिले जात. १९८३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी या प्रथेची शिस्तशीर तपासणी केली आणि डाग दिल्याने कंडरा लवकर किंवा चांगली भरत नाही, असा निष्कर्ष काढला. डागाने होतं इतकंच, की भाजलेल्या पायामुळे घोडा सक्तीने उभा ठेवला जातो आणि त्या विश्रांतीचं श्रेय डागाला मिळतं.

वेदनाशामक इंजेक्शनचा मोह आजचा आहे. फिनाइलब्यूटाझोनसारखं औषध पशुवैद्याने निदान करून दिलं तर उपयोगी ठरतं. यात्रेच्या सकाळी लंगडणं लपवण्यासाठी दिलं, तर घोडी दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकते आणि अर्धवट फाटलेली कंडरा पूर्ण फाटते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये अशा औषधाच्या अंमलाखाली घोडा उतरवणं हा गुन्हा मानला जातो.

घोडी लंगडली तर करायचं ते साधं आहे. तिथेच थांबवावं, खोगीर उतरवावं, खूर उचलून खिळा, खडा, काटा बघावा. सूज असेल तर दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं थंड पाणी सोडावं. पहिले दोन दिवस गरम शेक नको आणि चोळणं नको. खुरात खिळा रुतलेला दिसला तर शक्य असल्यास तो काढण्याआधीच पशुवैद्याला दाखवावा. तो किती खोल आणि कोणत्या दिशेने गेला, हे क्ष-किरणाने कळतं. टोल-फ्री १९६२ क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. सोनोग्राफी किंवा शस्त्रक्रियेची गरज पडली, तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आणि १८८६ पासून परळला चालू असलेलं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय ही जवळची मोठी ठिकाणं.

रोजच्या कामात मोतद्दाराची दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. खरारा करताना चारही पायांवरून तळहात खाली न्यायचा, डाव्या-उजव्याची ऊब ताडून बघायची आणि खुरातली घाण आकडीने काढायची. रोज हात फिरवणाऱ्यालाच आजचा फरक कळतो. दौडीआधी पंधरा मिनिटं चाल आणि दुडकी, दौडीनंतर तितकीच चाल. दोन जोरकस दौडींमध्ये काही दिवसांचं अंतर. पावसाळ्यानंतर सुरुवात चालीने करून सहा-आठ आठवड्यांत हळूहळू वेग. टेम्पोतून नेताना खाली जाड रबराची चटई किंवा भरपूर भुसा आणि पायांना पट्ट्या.

शर्यतीच्या परवानगीसाठी बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आणि तंदुरुस्तीचा दाखला लागतोच. पशुवैद्य घाटावर येतो, कागद भरतो आणि बैल बघतो. त्याच वेळी पुढे धावणाऱ्या घोडीला तीस-चाळीस मीटर सपाट जागेवर दुडकी चालवून दाखवायची, असा नियम यात्रा समित्यांनी आपणहून केला, तर त्याला कायद्यात बदल लागणार नाही आणि खर्चही होणार नाही. प्रत्येक घोडीमागे दोन मिनिटं. ज्या घोडीचं डोकं तालात वर जाईल, तिच्या जागी त्या दिवशी दुसरी घोडी लावायची.